टोलच्या पुलावर किती गाड्या येतील?

समजा, तुम्ही कारने शिवडीहून उरणला निघालात. अटल सेतूवर एका फेरीचा टोल 250 रुपये. वाशीमार्गे गेलात तर वळसा. पुलामुळे अर्धा तास वाचत असेल, तर तुम्ही तासाला 500 रुपये मोजताय. ज्याला त्याचा वेळ याहून महाग वाटतो, तो पुलावरून जाईल. टोल रस्त्याचं मॉडेल इथूनच सुरू होतं.

खरी गोम पुढे आहे. काही गाड्या पुलावर गेल्या की जुना रस्ता मोकळा होतो. किती? त्यासाठी 1964 पासूनचं एक अमेरिकन सूत्र आम्ही आजही वापरतो. गाड्यांच्या संख्येला रस्त्याच्या क्षमतेने भागा, चौथा घात करा, 0.15 ने गुणा. तेवढ्या पट वेळ वाढतो. मोकळ्या रस्त्यावर 60 मिनिटं लागत असतील, तर क्षमतेच्या दीडपट गाड्या आल्यावर सुमारे 106 लागतात. त्यातल्या एक पंचमांश गाड्या काढा, उरतात 79. म्हणजे 27 मिनिटं फुकटात वाचली! मग टोल कशाला भरायचा? काही जण परत जुन्या रस्त्याला लागतात. मार्ग बदलून कुणाचाच फायदा होत नाही, तिथे हे थांबतं. वार्ड्रॉपने 1952 मध्ये मांडलेला समतोल तो हाच.

म्हणूनच नुसती आजची कोंडी धरून टोलचा हिशेब केला, तर गाड्या जास्त दिसतात. रस्ता कर्जाचा असेल तर हप्ते मात्र खऱ्या गाड्यांवरच फेडायचे असतात. असा अंदाज वाचाल तेव्हा एवढंच विचारा: पूल झाल्यावर जुन्या रस्त्याचा वेळ पुन्हा काढलाय का?