मुद्रित विद्युत्-मंडलांचे कोरण आणि द्रावणाची उष्णता

मुद्रित विद्युत्-मंडले घरच्या घरी तयार करणारे बहुधा फेरिक क्लोराइडचे द्रावण वापरतात. फलकावरील ताम्रपत्र्याचा जो भाग शाईने अगर लेपाने झाकलेला नसतो, तो या द्रावणात विरघळतो; या क्रियेस कोरण किंवा एचिंग म्हणतात. थंड द्रावणात हे काम रेंगाळते, म्हणून ते गरम करण्याची प्रथा पडली आहे. उष्णतेने नेमके काय साधते व कोठे थांबावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तांब्याच्या एका अणूमागे फेरिक क्लोराइडचे दोन रेणू खर्ची पडून क्युप्रिक व फेरस क्लोराइडे बनतात. ताम्रपत्र्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रोमीटर असते. असा १०० चौरस सेंटिमीटर पत्रा सुमारे ३.१ ग्रॅम भरतो आणि तो संपूर्ण विरघळविण्यास सुमारे १६ ग्रॅम निर्जल फेरिक क्लोराइड लागते. तेव्हा काम मंदावल्यास द्रावण थंड आहे की वापरून निःसत्त्व झाले आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. निःसत्त्व द्रावणास उष्णता हा उपाय नव्हे.

तापमान १० अंशांनी वाढविल्यास विक्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, हा स्थूल नियम सर्वपरिचित आहे. त्यानुसार २५ वरून ४५ अंश सेल्सिअसवर गेल्यास वेग चौपट व्हावा. परंतु ती अपेक्षा येथे धरता येत नाही. कामाचा वेग बहुतांशी, ताजे द्रावण तांब्यापर्यंत किती लवकर पोचते व तयार झालेले क्षार किती लवकर दूर होतात, यावर, म्हणजेच विसरणावर, अवलंबून असतो. या दोन तापमानांदरम्यान पाण्याची श्यानता ०.८९ वरून ०.६० मिलिपास्कल-सेकंदापर्यंत उतरते. त्यावरून पाहता विसरण सुमारे दीडपटच वाढते. अधिक लाभ हवा असल्यास द्रावण सतत हलते ठेवावे. स्थिर द्रावणात फलकाच्या कडा आधी कोरल्या जातात आणि मध्यभाग पुरा होईपर्यंत कडेच्या बारीक रेषा लेपाखालून पोखरल्या जातात. ही हानी नुसत्या उष्णतेने टळत नाही.

४० ते ५० अंश तापमान पुरेसे होय. त्यापुढे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा वाढतात, तसेच जलविच्छेदनाने तपकिरी गाळ तयार होऊन तो तांब्यावर बसतो. द्रावणाचे भांडे काचेचे वा प्लॅस्टिकचे असावे व ते गरम पाण्याच्या टबात ठेवावे. लोखंड व ॲल्युमिनियम यांना हे द्रावण खाऊन टाकते. ज्योतीवर ते कधीही तापवू नये. विजेचा तापक द्रावणात बुडविणेही धोक्याचे, कारण त्याची काच तडकल्यास प्रवाह त्या विद्युत्-वाहक द्रवात उतरतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणास मात्र हा विचार लागू करू नये. ते तापविल्यास पेरॉक्साइडचे विघटन होते व क्लोरीन बाहेर पडू शकतो. उरलेले कोणतेही द्रावण मोरीत ओतू नये. त्यातील तांबे जलचरांस घातक असते. सारांश, उष्णता ही ढवळण्याच्या जोडीला घ्यावयाची मदत आहे. ती ढवळण्याची जागा घेऊ शकत नाही.