दाव्यास कारण कुठे घडलं?

आपल्याकडे दिवाणी दाव्यात शेवटाकडे एक परिच्छेद हमखास येतो. दाव्यास कारण अमुक तारखेस मौजे अमुक येथे घडले, ते या कोर्टाच्या स्थळसीमेत आहे, सबब दावा चालवण्याचा अधिकार या कोर्टास आहे. पक्षकार त्यावरून नजर फिरवतो आणि सही करतो. पण हाच परिच्छेद चुकला तर दावा परत मिळतो आणि दुसऱ्या कोर्टाची पायरी चढावी लागते. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत या एका परिच्छेदावरून मोठमोठ्या लढाया झाल्या आहेत. त्यांतल्या एकीत भोपाळचे वायुपीडित उभे होते, म्हणून हा रुक्ष वाटणारा विषय मला फार जवळचा वाटतो.

अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी. वाद केंद्राच्या कायद्याचा असेल, किंवा दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांतल्या असून रक्कम 75,000 डॉलरच्या वर असेल, तर फेडरल कोर्टात जाता येतं. पण फेडरल जिल्हे आहेत 94. त्यांतला कुठला निवडायचा, या प्रश्नाला तिथले वकील ‘व्हेन्यू’ म्हणतात.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनला घर केलेलं एक मराठी कुटुंब पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराकडे निघालं. पिट्सबर्गजवळ क्लीव्हलंडच्या एका माणसाने त्यांच्या गाडीला धडक दिली. दावा कुठे लावायचा? प्रतिवादी राहतो त्या उत्तर ओहायो जिल्ह्यात लावता येईल, किंवा अपघात घडला त्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात. स्वतःच्या न्यू जर्सीत मात्र नाही. वादी राहतो ते ठिकाण आता या हिशेबात धरलंच जात नाही. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20 वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल. ज्याच्यावर दावा लावायचा त्याला उगाच परमुलखात ओढून नेऊ नये, ही त्यामागची जुनी न्यायबुद्धी आहे.

प्रतिवादी कंपनी असली की गुंता सुरू होतो, कारण कंपनी ‘राहते’ कुठे? हा प्रश्न पेटंटच्या दाव्यांनी ऐरणीवर आणला. पूर्व टेक्सासमधलं मार्शल हे वीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव. तिथल्या फेडरल कोर्टात पेटंटचे दावे झपाट्याने चालत आणि ज्युरी पेटंटधारकाच्या बाजूने झुकते असा वकिलांमध्ये बोलबाला होता. माल देशभर विकला जातो, तेव्हा तो टेक्सासातही विकला जातो, एवढ्या आधारावर कुठल्याही कंपनीला तिथे खेचता येई. 2015 साली अमेरिकेतल्या एकूण पेटंट दाव्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक त्या एका जिल्ह्यात होते. वारंवार प्रतिवादी म्हणून हजर राहावं लागणाऱ्या सॅमसंगने तर मार्शलमध्ये कोर्टाजवळच लोकांसाठी बर्फावरच्या स्केटिंगचं मैदान पुरस्कृत केलं. ज्युरी त्याच लोकांतून निवडली जाते, हे ध्यानात घ्यायला हवं.

मे 2017 मध्ये ‘टीसी हार्टलंड’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला लगाम घातला. पेटंटच्या दाव्यापुरतं कंपनीचं घर म्हणजे तिची जिथे नोंदणी झाली ते राज्य. इतरत्र दावा लावायचा तर उल्लंघन तिथे घडलेलं हवं आणि कंपनीचं कायमचं कामकाजाचं ठिकाणही तिथे हवं. परिणाम लगेच दिसला. नोंदणीसाठी कंपन्यांच्या आवडत्या डेलावेरकडे दाव्यांचा ओघ वळला. 2019 मध्ये ॲपलने पूर्व टेक्सास जिल्ह्यातली प्लेनो आणि फ्रिस्को इथली आपली दुकानं बंद केली आणि शेजारच्या जिल्ह्यात, डॅलसमध्ये, नवं दुकान उघडलं.

व्हेन्यू योग्य असूनही कोर्ट दावा सोडून देऊ शकतं, ही या विषयातली सर्वांत बोचरी बाजू. ‘फोरम नॉन कन्व्हीनियन्स’ नावाचं हे तत्त्व आहे. साक्षीदार, कागदपत्रं, घटनास्थळ सगळं परदेशात असेल आणि तिथे दाद मागता येत असेल, तर तिकडे जा, असं कोर्ट सांगू शकतं. स्कॉटलंडमधल्या एका विमान अपघातावरून निघालेल्या ‘पायपर’ प्रकरणात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली: परदेशी वादीने निवडलेल्या कोर्टाला अमेरिकी वादीइतकं वजन द्यायचं कारण नाही.

तीनच वर्षांनी, 2 डिसेंबर 1984 च्या रात्री, भोपाळमध्ये वायुगळती झाली. चार-पाच दिवसांत अमेरिकेत दावे लागायला सुरुवात झाली. पुढे ते शंभरावर गेले आणि न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र आले. भारत सरकारनेही वायुपीडितांच्या वतीने तिथेच दावा लावला. प्रतिवादी युनियन कार्बाइड कंपनीचं मुख्य कार्यालय होतं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला, कोर्टापासून मोटारीने दीड-दोन तासांवर. दूर ओढलं जाण्यापासून प्रतिवादीला वाचवायचं, हा ज्या नियमांचा उगम, तिथे प्रतिवादी आपल्या दारातल्या कोर्टाला गैरसोयीचं म्हणत होता!

भारत सरकार सांगत होतं की आमची कोर्टं खटल्यांच्या ओझ्याखाली दबली आहेत, एवढा दावा त्यांना पेलणार नाही. कार्बाइडच्या बाजूने मुंबईचे वकील नानी पालखीवाला यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे. 12 मे 1986 रोजी कीनन यांनी कार्बाइडचं म्हणणं मान्य केलं. आपल्या कोर्टांबद्दल त्यांनी निकालात आदराने लिहिलं. तो आदर खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या आदराचा भार ज्यांच्या फुप्फुसांत वायू गेला होता त्यांच्यावर पडला. अमेरिकेची ज्युरी नाही आणि तिने दिली असती ती भरपाईही नाही.

भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा नव्याने उभा राहिला. डिसेंबर 1987 मध्ये न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी 350 कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने ती 250 कोटींवर आणली. कार्बाइड त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. दाव्यास कारण जिथे घडलं, त्या भोपाळमध्ये पुरावा नोंदवून हा दावा चालण्याची वेळ आलीच नाही.