पाऊण एकराचं बियाणं

पाऊण एकराला साडेबावीस किलो सोयाबीनचं बियाणं लागतं, तर सव्वा एकराला किती? लातूर-नांदेड रस्त्यालगतच्या अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, सातवीच्या फळ्यावर हे गणित होतं. एकरी 30 किलो हा हिशेब इथल्या पोरांना घरूनच ठाऊक असतो. म्हणून सरांनी पूर्ण एकराचा आकडा मुद्दाम टाळला होता.

पहिलं उत्तर आलं, 23 किलो. ‘‘अर्धा एकर वाढला, म्हणून अर्धा किलो वाढवला.’’ ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. मुलाला वाढ दिसलेली असते, पण ती पटीऐवजी बेरजेत दिसते. सरांनी एवढंच विचारलं, ‘‘अर्ध्या किलोत अर्धा एकर पेरून होईल का रे?’’ मुलानं स्वतःच आकडा पुसला.

‘‘पाऊण एकरात पाव एकर किती?’’ तीन. साडेबावीसचे तीन वाटे, प्रत्येकी साडेसात. सव्वा एकरात पाच पाव. साडेसात पंचे साडेसदतीस. मग सरांनी 3/4 आणि 5/4 मांडून दाखवलं की छेद सारखा असला की प्रमाण फक्त अंशांचं उरतं, 3 : 5. तिरकस गुणाकार सगळ्यात शेवटी आला, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो. तो आधी शिकवला तर उत्तर मिळतं, पण 23 का चुकलं ते मुलाला कधीच कळत नाही.

पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असायची. अपूर्णांक तोंडात बसलेला असे. आणि त्रैराशिक तर त्याहून कितीतरी जुनं. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त 3/7 निष्काला अडीच पल केशर मिळतं, तर 9 निष्कांना किती, असं उदाहरण आहे. तेही याच रीतीनं सुटतं : 9 म्हणजे 63 सप्तमांश, त्यात तीन-तीनाचे 21 गट, म्हणून साडेबावन्न पल.

खरी अडचण पुढच्या गणितात होती. ट्रॅक्टरला पाऊण एकर नांगरायला दीड तास लागतो, तर दोन तृतीयांश एकराला किती? आता पावाचं माप पुरेना, तृतीयांशाचंही पुरेना. बराच वेळ वह्यांत खाडाखोड चालली. सर काही बोलले नाहीत. मग मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, बारावा हिस्सा घेऊ.’’ पाऊण म्हणजे नऊ वाटे, दोन तृतीयांश म्हणजे आठ. नऊ वाट्यांना 90 मिनिटं, आठ वाट्यांना 80.