फाईल उडवली, तरी डिस्क भरलेलीच का?

लॅबच्या सर्व्हरवर डिस्क भरते आणि सिम्युलेशन मध्येच बंद पडतं. तुम्ही २०० जीबीच्या जुन्या फाईली उडवता, पण मोकळी जागा तेवढीच दिसते. प्रबंध तोंडावर असताना घाम फुटतोच. मात्र बिघाड काही नसतो; अशा वेळी आधी स्नॅपशॉट तपासा.

स्नॅपशॉट म्हणजे फाईल सिस्टीमची त्या क्षणाची स्थिती. ती कॉपी नसते. झेडएफएस, बीटीआरएफएस या फाईल सिस्टीम 'कॉपी-ऑन-राइट' पद्धतीने चालतात: फाईल बदलली की नवा डेटा नव्या ब्लॉकमध्ये जातो, आणि जुना ब्लॉक कुणी वापरत नसेल तर मोकळा होतो. स्नॅपशॉट फक्त तो जुना ब्लॉक धरून ठेवतो. म्हणून घेताना त्याला जवळपास शून्य जागा लागते. पुढे तुम्ही जेवढं बदलाल किंवा पुसाल, तेवढी जागा अडते. आम्हा मोशीकरांना हे पटकन कळतं: कचरा घरातून गेला, तरी डेपोत जागा व्यापतोच.

खरी गंमत आकड्यांत आहे. समजा, ५०० जीबी डेटा आहे. सोमवारी एक स्नॅपशॉट घेतला, मंगळवारी दुसरा. बुधवारी २०० जीबी पुसले. झेडएफएसच्या यादीत दोन्ही स्नॅपशॉटपुढे 'युज्ड' जवळपास शून्यच दिसेल! कारण या रकान्यात फक्त त्या एकट्याने धरलेले ब्लॉक मोजतात, आणि हे २०० जीबी दोघांनी मिळून धरलेत. सोमवारचा काढलात तर काहीच सुटत नाही, पण मंगळवारच्यापुढे आता २०० जीबी दिसू लागतात. तोही काढला की जागा मोकळी. थोडक्यात, या रकान्याची बेरीज करून अंदाज बांधू नका. झेडएफएसच्या 'डिस्ट्रॉय' कमांडला 'एन' आणि 'व्ही' हे पर्याय जोडून स्नॅपशॉटची रेंज द्या. काहीही न पुसता किती जागा सुटेल ते कळतं.

संशोधनात याचा उपयोग काय? फाईलच्या शेवटी नोंदी जोडत गेलात तर स्नॅपशॉट फारसे फुगत नाहीत. तीच १० जीबीची फाईल रोज नव्याने लिहिलीत आणि रोज स्नॅपशॉट घेतलात, तर रोज १० जीबी अडतात. म्हणून तात्पुरत्या आउटपुटसाठी स्नॅपशॉट नसलेला वेगळा डेटासेट मागून घ्या.

आणि हो, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. प्रबंधाचा बॅकअप दुसरीकडे हवाच.