सायकलवर बालकाला नेताना : आसनाची निवड



वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे आणि देणगीदारांची नामावली असतेच. त्यासोबत घरोघरी उपयोगी पडेल अशी थोडी माहिती द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. विषय दिसावयास लहान आहे : सायकलवर लहान मूल न्यावयाचे झाल्यास त्याच्यासाठी आसन कोणते निवडावे?

मोटारसायकली कितीही वाढल्या असल्या, तरी परभणी शहरात आणि जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांच्या गावांत सायकल अद्याप चालते. मूल अंगणवाडीत सोडणे, शेतावर नेणे, बाजारहाट करणे ही कामे तिच्यावरच होतात. बहुधा दांड्याला टॉवेल गुंडाळून किंवा कॅरिअरवर पोत्याची घडी टाकून मुलाला बसविले जाते. मूल पडू नये म्हणून आई-वडील पुरेशी काळजी घेतात. त्याचे पाय कोठे लोंबत आहेत, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

इजा कशी होते?

मागे बसलेल्या मुलाला पाय टेकावयास जागा नसली की, ते पाय चाकालगत लोंबतात. वळणावर तोल सावरताना किंवा डुलकी लागली असता पाऊल आत वळते आणि फिरत्या तारांत सापडते. तारांमुळे कातडी कापली जाते आणि त्याच क्षणी पाऊल चाक व सांगाडा यांच्यामध्ये चेंगरते. बहुतेक वेळा इजा टाच आणि घोटा यांना होते. टाचेच्या मागील बाजूस कातडी पातळ असून तिच्या लगेच खाली टाच वर उचलणारी जाड कंडरा असते.

या जखमेचे वैशिष्ट्य असे की, पहिल्या दिवशी ती किरकोळ भासते. चेंगरलेली कातडी पुढील काही दिवसांत काळी पडते व गळून जाते; मग आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग करावे लागते, प्रसंगी त्वचारोपणही करावे लागते. म्हणून आसन घेताना गादी किती मऊ आहे हे नंतर पाहावे; प्रथम मुलाचा पाय चाकापर्यंत पोहोचतो काय, हे पाहावे.

आसनाचे प्रकार

दांड्यावर बसविण्याचे छोटे सीट स्वस्त असते आणि मूल डोळ्यांसमोर राहते. परंतु त्याला बहुधा पाठ नसते, पट्टा नसतो. पाय ठेवण्याची सोय नसल्यास पाय पुढच्या चाकाकडे जातात. पुढचे चाक अचानक अडले तर सायकलस्वार मुलाच्या अंगावर कोसळण्याचा धोका असतो. असे सीट घ्यावयाचेच असेल, तर पाय टेकण्याच्या खुंट्या असलेले घ्यावे आणि जवळच्या अंतरासाठीच वापरावे.

हँडलला अडकविण्याच्या आसनामुळे हँडल जड होते आणि वळविताना झोला जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते टाळलेले बरे.

कॅरिअरवर घट्ट बसणारे, उंच पाठीचे, दोन्ही खांद्यांवरून व कमरेवरून पट्टा असलेले आणि पायांसाठी दोन्ही बाजूंना खोलगट पावठे असलेले आसन आम्हांस सर्वांत योग्य वाटते. पावठ्यावर पाऊल बांधण्याची पट्टी असावी आणि पोटरीपासून टाचेपर्यंत चाकाकडील बाजू बंद असावी. लोखंडी सळ्यांचे वा वेताचे आसन असल्यास चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा पत्रा बसवून घ्यावा. जाळीची छिद्रे मुलाचे बोट शिरणार नाही इतकी बारीक असावीत. हे काम कोणताही सायकल दुरुस्ती करणारा कारागीर करून देऊ शकतो.

वय नव्हे, वजन पाहावे

सायकलवरील बालआसनांसाठी युरोपात ईएन १४३४४ हे मानक आहे. त्यानुसार मागील आसन ९ ते २२ किलो आणि पुढील आसन ९ ते १५ किलो वजनाच्या मुलांसाठी असते. मूल आधाराविना स्थिर बसू लागले पाहिजे आणि त्याची मान भक्कम झालेली असली पाहिजे. त्यामुळे एक वर्षाच्या आतील बाळाला सायकलवर बसवू नये. आपल्या भागात अनेक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरते. म्हणून केवळ वयावर विसंबू नये. अंगणवाडीत मुलाचे वजन नियमितपणे घेतले जाते. तीच नोंद येथे उपयोगी पडेल. कॅरिअरवर वजनमर्यादा छापलेली असल्यास मुलाच्या वजनात आसनाचे वजनही मिळवावे.

निघण्यापूर्वी

चालकाच्या सीटखाली उघड्या स्प्रिंगा असल्यास त्यांवर आवरण घालावे. मागे बसलेल्या मुलाची बोटे त्यांत चिमटतात. ओढणी, पदर व मुलाच्या पट्ट्याचे टोक चाकापासून दूर बांधावे. वजन वाढल्याने सायकल थांबावयास अधिक अंतर लागते, म्हणून ब्रेक तपासावेत. स्टँडवर लावलेल्या सायकलवर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. पावसाळ्यात काळ्या मातीत स्टँड रुततो आणि सायकल आडवी होते. मुलाच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट असावे. उन्हात तापलेले आसन हात लावून पाहिल्याविना मुलाला त्यावर बसवू नये.

येथे कायद्याचाही उल्लेख करणे उचित ठरेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलच्या मागील चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे; त्याचा हेतू मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व एक वर्षानंतर अंमलात आलेल्या दुरुस्तीने चार वर्षांखालील मुलाला मोटारसायकलवर नेताना सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा बंधनकारक केली आहे. हे नियम मोटारसायकलींसाठी आहेत. सायकलवर बसलेल्या मुलाची काळजी आपली आपणच घ्यावयाची आहे.

पाय अडकलाच तर

पाय हिसकावून ओढू नये. सायकल थांबवून चाक अलगद मागे फिरवावे. न निघाल्यास तारा कापाव्यात. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. हळद, चुना, तंबाखू असे काहीही लावू नये. जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हाडाची तपासणी व धनुर्वाताची लस यांचा निर्णय तेथे होतो. कातडीचा रंग बदलतो काय, हे पाहण्यासाठी पुढील तपासणीसही न चुकता यावे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. आपल्या देणग्यांचा त्यास मोठा हातभार लागतो. त्यामुळे अशा बालकाचा औषधोपचार पैशांअभावी अडू नये, हे पाहता येते. परंतु ड्रेसिंगसाठी गावाहून होणाऱ्या खेपा, आई-वडिलांची बुडालेली मजुरी आणि मुलाने सोसलेल्या वेदना यांची भरपाई कोणत्याही निधीतून होत नाही. त्या तुलनेत चाकाला जाळी आणि आसनाला पावठा बसविण्याचा खर्च अगदी थोडा आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनी घरी गेल्यावर आपली सायकल एकदा उभी करून, मुलाला तीवर बसवून, त्याचे पाऊल चाकापर्यंत पोहोचते काय एवढे पाहावे, ही विनंती. ज्या देणगीदारांना आपल्या गावातील अंगणवाडीत ही माहिती पोहोचविता येईल, त्यांचे आम्ही ऋणी राहू.