वाळवंटांतील धांवती गाडी आणि जत्रेंतील पाळणा

खानदेशांत जत्रा भरली कीं दुरून प्रथम दृष्टीस पडतो तो रहाटपाळणा. चैत्री पौर्णिमेची धुळ्याच्या पांझरेकांठची एकवीरा देवीची यात्रा असो, कीं दत्तजयंतीचा तापीकांठचा सारंगखेड्याचा घोडेबाजार असो, देवदर्शन आटोपलें कीं मुलांचा हट्ट सुरू होतो तो या पाळण्यासाठींच. अलीकडे या हट्टाला निराळें वळण लागलें आहे. जळगांव-धुळ्याकडील पुष्कळ कुटुंबें सुटींत दुबई-अबूधाबीची सहल करून येतात, आणि तेथें रोलर कोस्टर नांवाच्या गाडींत बसून आलेला मुलगा जत्रेंतील पाळण्याकडे पाहून नाक मुरडतो. यांत भिण्यासारखें काय आहे, असें तो विचारतो. प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. जेथें भीति अधिक तेथें धोकाहि अधिक, असें सामान्यतः गृहीत धरलें जातें. या यंत्रांच्या बाबतींत मात्र तें पुष्कळदां खोटें ठरतें.

रहाटपाळण्याचें कूळ जुनें आहे. पीटर मंडी नांवाचा इंग्रज प्रवासी १६२० सालीं तुर्की अंमलाखालच्या बल्गेरियांतून जात असतां, तेथील लोक सणाच्या दिवशीं लांकडी पाळण्यांत बसून वरखालीं फिरतांना त्याला दिसले. त्यानें त्याचें चित्रहि काढून ठेवलें. हाच मंडी पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत सुरतेस आला आणि १६३० सालीं दुष्काळानें होरपळलेल्या खानदेशांतून बऱ्हाणपुरावरून आग्र्याकडे गेला. पाळण्याचें चित्र रेखाटणाऱ्या त्याच हातानें त्या वाटेवरील उपासमारीचें वर्णनहि लिहून ठेवलें आहे. १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत फेरिस या अभियंत्यानें २६४ फूट उंचीचें पोलादी चक्र उभारलें, तेव्हांपासून पाळण्याला आकाशपाळण्याचें रूप आलें.

उतारावरून घसरण्याच्या खेळाचें मूळ रशियांत आहे. तेथें हिवाळ्यांत लांकडी मांडणीवर बर्फाचे उंच उतार करून लोक त्यांवरून घसरत. १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें लामार्कस टॉम्प्सन यानें रुळांवरील चढउतारांची गाडी सुरू केली. भाडें ५ सेंट आणि वेग ताशीं ६ मैल! शर्यतीची बैलजोडी तिला सहज मागें टाकील. तरीहि लोक रांगा लावून बसले. कारण मौज वेगांत नव्हतीच.

ती कशांत होती, हें पुढें येईल. ही गाडी अरबस्थानच्या वाळूंत जाऊन पोहोंचली त्याला कारण खनिज तेल. मोतीं, मासे आणि खजूर यांवर जगणाऱ्या अबूधाबीनें १९६२ सालीं तेल परदेशीं पाठविण्यास आरंभ केला. त्या पैशांतून नगरें उभीं राहिलीं, आणि पुढें केवळ तेलावर विसंबून न राहतां प्रवाशांना ओढून आणण्याचें धोरण आलें. यास नांवाच्या बेटावर २०१० सालीं फेरारी वर्ल्ड हें क्रीडोद्यान उघडलें. तेथील उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जळगांव-भुसावळच्या वैशाखांतून निघालेल्या मनुष्यास हें भय घालण्याचें कारण नाहीं. पण इतर देशींच्या प्रवाशांची सोय पाहून उद्यानाचा मोठा भाग एका प्रचंड छपराखालीं गार हवेंत ठेवला आहे. २०१६ सालीं दुबईस उघडलेलें आय. एम. जी. वर्ल्ड्स हें उद्यान तर संपूर्णच छपराखालीं आहे. फेरारी वर्ल्डमधील ‘फॉर्म्युला रोसा’ ही गाडी मात्र छपराखालून सुटून उघड्या वाळवंटांत धांवते, म्हणून प्रवाशांच्या डोळ्यांवर वाळूपासून जपणारे चष्मे चढवितात.

ती उघडली त्या वेळीं जगांतील सर्व रोलर कोस्टरांत वेगवान होती. सुटल्यापासून ४.९ सेकंदांत ती ताशीं २४० किलोमीटरचा वेग गांठते. हा आंकडा वाचून सोडून देण्यासारखा नाहीं. साधी रोलर कोस्टर प्रथम सांखळीनें उंच ओढून नेतात आणि मग केवळ पृथ्वीच्या आकर्षणावर सोडून देतात. पुढील सर्व प्रवास त्या एका चढाच्या भांडवलावर होतो, म्हणून दुसरी टेकडी पहिलीहून उंच कधींच नसते. ४० मीटर उंचीवरून घसरलेल्या गाडीस, घर्षण सोडल्यास, तळाशीं ताशीं सुमारें १०० किलोमीटरचा वेग येतो. ताशीं २४० चा वेग याच रीतीनें हवा असेल तर चढ २२५ मीटरांहून उंच लागेल. कुतुबमिनार एकावर एक तीन रचले तरी तो कांहींसा उणाच पडेल. फॉर्म्युला रोसाची सर्वांत उंच जागा ५२ मीटर आहे. म्हणून तेथें चढाचें भांडवल न वापरतां, दाबाखालीं कोंडलेल्या द्रवाच्या जोरानें फिरणारा रहाट पोलादी दोरानें गाडीस खेंचतो आणि गोफणींतून दगड सुटावा तशी ती सुटते. त्या पांच सेकंदांत बैठकीची पाठ प्रवाशाला त्याच्या वजनाच्या सुमारें १.४ पट जोरानें पुढें ढकलीत असते.

येथेंच मौजेचें आणि भयाचें मर्म आहे. मनुष्यास वेग कळतच नाहीं. त्याला कळतो तो वेगांतील बदल. विमान ताशीं ८०० किलोमीटरहून अधिक वेगानें जात असतां प्रवासी निवांत चहा पितो, आणि तेंच विमान हवेच्या पोकळींत हातभर खचलें कीं देवाचें नांव घेतो. धुळ्याजवळ लळिंगचा घाट उतरतांना मोटार एखाद्या उंचवट्यावरून एकदम खालीं गेली म्हणजे पोटांत खड्डा पडल्यासारखें होतें. पोटांतील आंतडीं, जठर इत्यादि अवयव शरीरांत घट्ट बसविलेले नाहींत, ते सैलसर टांगलेले आहेत. मनुष्य जमिनीवर असतां त्यांचा भार सतत खालीं असतो. गाडी व शरीर एकाच वेळीं खालीं पडूं लागलें कीं तो भार क्षणभर नाहींसा होतो, आणि मेंदूस त्याची वार्ता ‘आपण पडत आहों’ अशी पोहोंचते. प्रत्येक कानांत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतील द्रव एक सांगतो, डोळे दुसरेंच सांगतात, आणि या दोन साक्षींतील विरोधामुळें मळमळ सुटते. टॉम्प्सनच्या ६ मैलांच्या गाडींतहि हा खड्डा होताच.

उताराच्या तळाशीं याच्या उलट घडतें. तेथें गाडी वर वळते आणि शरीराचा भार वाढतो. वेगवान गाड्यांत तो क्षणभर चौपट होऊं शकतो. म्हणजे ६० किलोचा मनुष्य २४० किलोचा, कापसाच्या अडीच क्विंटलांना थोडाच कमी! रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलें जातें. असा भार कांहीं सेकंद टिकला तर डोळ्यांपुढें अंधारी येते; वैमानिकांस त्यासाठीं खास पोशाख घालावा लागतो. गाडींत तो क्षणांत ओसरतो, म्हणून निकोप मनुष्यास सोसतो. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मानेचें किंवा पाठीचें दुखणें असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं बसूं नये अशी पाटी तेथें असते. ती शोभेची नाहीं. मंडळींच्या आग्रहाखातर बसणारे आजोबा हा या सहलींतील खरा काळजीचा विषय आहे.

उलटी फिरणारी गाडी प्रवाशांस खालीं कां पाडीत नाहीं, हें घरींच पाहतां येतें. तांब्यांत पाणी घेऊन तो दोरीनें डोक्यावरून गरगर फिरविला तर थेंबहि सांडत नाहीं. पाणी सरळ जाऊं पाहतें आणि तांब्याचा तळ त्याला वळवीत असतो. मात्र फिरविण्याच्या वाटेचा आकार महत्त्वाचा. १८९५ सालीं कोनी आयलंडला पूर्ण गोल फेरीची गाडी केली होती. तळाशीं वेग अधिक असल्यामुळें गोलांत शिरतांना असा हिसका बसे कीं लोकांच्या माना दुखावत. त्यावर टिकाऊ उपाय १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यानें फेरीस गोलाऐवजीं पाण्याच्या थेंबाचा आकार दिला, म्हणजे वेगाच्या जागीं वळण मोठें आणि वर वेग कमी झाल्यावर लहान. खोपोलीजवळ २०१३ सालीं उघडलेल्या इमॅजिका उद्यानांतील ‘नायट्रो’ या गाडींत ज्यांनीं पाय अधांतरीं सोडून उलटी फेरी घेतली असेल, त्यांची मान शाबूत राहिली ती या हिशेबामुळें.

आतां ही गाडी रुळांवरून उडत कां नाहीं? भुसावळच्या यार्डांत डब्याचें चाक जवळून पाहिलें तर त्याला आंतल्या बाजूस एक कड दिसते. आगगाडी केवळ आपल्या वजनानें रुळांवर बसते व ही कड तिला बाजूस सरकूं देत नाहीं. वर उचलली जाऊं नये याची मात्र कांहींच योजना नसते. टेकडीच्या माथ्यावर भार नाहींसा होणाऱ्या गाडीस हें पुरत नाहीं. जॉन मिलर यानें १९१९ सालीं रुळाखालून लागणाऱ्या चाकाचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून एक चाक रुळावर, एक बाजूस व एक खालीं, अशा तिहेरी पकडींत गाडी रुळास धरून असते. चढावर ऐकूं येणारी कटकट म्हणजे सांखळी तुटली तरी गाडी मागें येऊं नये यासाठीं दांतांवरून घसरत जाणाऱ्या अडसराचा आवाज. भित्र्या प्रवाशास तो अशुभ वाटतो आणि वस्तुतः धीर देण्यासाठींच असतो.

थांबविण्याची रीत तर जळगांवकरांस सहज उमगेल. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला जळगांवांत निघणारा श्रीरामाचा रथ ज्यांनीं पाहिला, त्यांस मोगरी ठाऊक आहे. रथ वळवावयाचा किंवा थांबवावयाचा म्हणजे लांकडाची ही पाचर चाकाखालीं नेमक्या क्षणीं सारावी लागते. सगळी भिस्त मोगरी लावणाऱ्याच्या नजरेवर व हातावर. अलीकडच्या रोलर कोस्टरांत ही मोगरी चुंबकाची असते. गाडीखालील धातूचे पत्रे बलवान चुंबकांमधून जातात, पत्र्यांत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि ते गतीस विरोध करतात. यास बाहेरून वीज लागत नाहीं. दिवे गेले तरी गाडी मंदावते. अगदीं थांबविण्याचें काम मात्र चुंबक करीत नाहीं, त्यासाठीं घर्षणाचे चिमटे लागतातच. शिवाय रेल्वेप्रमाणें मार्गाचे विभाग पाडलेले असतात व एका विभागांत दोन गाड्या येऊं दिल्या जात नाहींत.

इतकें असूनहि माणूस आड येतोच. २ जून २०१५ रोजीं इंग्लंडमध्यें ऑल्टन टॉवर्स येथें यंत्रानें थांबविलेली गाडी नोकरांनीं हातानें पुढें सोडली, कारण पुढच्या विभागांत एक रिकामा डबा अडकला आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. टक्कर झाली आणि दोन तरुणींस एक एक पाय गमवावा लागला. यंत्राचा निकाल बरोबर होता.

जत्रेंतील पाळण्यास असा निकाल देणारें यंत्रच नसतें. तो मालमोटारींतून येतो, एकदोन दिवसांत उभा राहतो आणि जत्रा उठली कीं खिळेचाप्यांसह पुढच्या गांवीं जातो. अबूधाबीची गाडी खोल पायावर उभी आहे. आपला पाळणा पुष्कळदां नदीकांठच्या भुसभुशीत जमिनींत, फळ्यांवर टेकलेला. दर खेपेस तीच भोंकें, तेच बोल्ट. वेग थोडा, उंची बेताची, म्हणून भीति वाटत नाहीं, आणि भीति वाटत नाहीं म्हणून कोणी पाहत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं मोहालीच्या एका जत्रेंत उंच खांबावरून खालींवर होणारें यंत्र माणसांसह एकदम खालीं आदळलें व अनेक जखमी झाले. कायम जागीं उभारलेलें यंत्रहि दुर्लक्षास अपवाद नाहीं. १४ जुलै २०१९ रोजीं अहमदाबादेस कांकरिया तलावाच्या उद्यानांत लंबकाप्रमाणें झुलणाऱ्या पाळण्याचा दांडा मोडला आणि दोन माणसें मृत्यु पावलीं.

अशा यंत्रांसाठीं भारतीय मानक ब्यूरोची सुरक्षासंहिता आहे. पण संहिता पाळली जाते कीं नाहीं हें तिकिटाच्या खिडकीपाशीं कळत नाहीं. गृहस्थानें निदान एक फेरी उभें राहून पहावी. खालच्या फळ्या पाळणा फिरतांना हलतात काय, बोल्टाच्या टोकास खीळ आहे कीं तारेचा तुकडा गुंडाळला आहे, बैठकीच्या आडव्या दांड्याला खरोखरीची कडी आहे काय, विजेच्या तारा उघड्या किंवा पाण्यांत पडलेल्या आहेत काय, हें पाहण्यास शास्त्र शिकावें लागत नाहीं. मालकास परवाना व तपासणीचा दाखला विचारण्यांत संकोच नसावा. चालक जागेवरून उठून गप्पा मारावयास गेला तर मुलांचा हात धरून निघून यावें. आणखी एक खूण आहे. पाळण्याचा तोल राखण्यासाठीं समोरासमोरच्या बैठका आळीपाळीनें भराव्या लागतात, आणि उतरवितांनाहि तोच क्रम ठेवावा लागतो. जो चालक रांगेची घाई पाहून एका बाजूच्या बैठका ओळीनें रिकाम्या करीत सुटतो, त्याच्या पाळण्याचें तिकीट काढूं नये.