मूल बोलताना अडखळते तेव्हा

श्रोतेहो, तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकावर घसा फोडणाऱ्या माणसाने लहान मुलांच्या बोलण्यावर का बोलावे, असे आपणांस वाटले असेल. आमच्यापाशी डॉक्टरकी नाही. वाचले आणि जाणत्यांना विचारले, तेवढेच सांगतो.

या विषयाकडे आम्हांला एका खातेचौकशीने ओढले. आमचा एक सभासद तोतरा होता. साहेबाने विचारले, 'हे तू केलेस काय?' 'ना-ना-' याच्यापुढे त्याचा शब्द निघेना. साहेबाने घड्याळ पाहिले आणि कागदावर 'उत्तर नाही' असे लिहिले. माणूस नोकरीस मुकला. पुढे त्याचा तीन वर्षांचा नातू अडखळू लागला, तेव्हा त्या घराच्या पोटात गोळा आला, यात नवल ते काय!

आधी शब्दांची फोड करू. 'काका'ला 'ताता' म्हणणे हे बोबडे बोलणे, ते निराळे. तोतरेपणात काय बोलायचे ते ठाऊक असते, पण शब्द अडतो. दोन ते पाच या वयात शब्द झपाट्याने वाढतात, वाक्ये लांबतात, आणि श्वास, कंठ, जीभ, ओठ यांचा मेळ अजून बसायचा असतो. नव्या कामगाराचा यंत्रावर हात बसायला वेळ लागतो, तसेच हे. 'आई, मला मला ते ते दे' असे सबंध शब्द पुन्हा येत असतील आणि मूल खुशाल बडबडत असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते. शंभरांत सुमारे 5 मुले या वयात काही काळ खरोखर तोतरी बोलतात; त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश पुढे सुधारतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात 1 एवढेच उरते.

मग काळजी केव्हा करावी? 'पा-पा-पा-पाणी' असा शब्दाचा तुकडाच घोळू लागला, 'म्म्म्मला' असा आवाज ताणला जाऊ लागला, तोंड उघडूनही आवाज फुटेना, डोळे मिचकावले जाऊ लागले, मूठ आवळली जाऊ लागली, तर दाखवून घ्यावे. सहा महिने उलटूनही थांबत नसेल, साडेतीन वर्षांनंतर सुरू झाले असेल, किंवा घराण्यात कुणाचे तोतरेपण कायम राहिले असेल, तर अधिक सावध असावे. मुलग्यांत ते टिकण्याचा संभव जास्त. आणि मूलच बोलायचे टाळू लागले, तर एक दिवसही वाट पाहू नये.

हा दोष आईच्या लाडाचा नव्हे, की बापाच्या धाकाचाही नव्हे. त्याची मुळे पुष्कळ अंशी आनुवंशिकतेत आणि मेंदूतील बोलण्याच्या जुळणीत आहेत. तेव्हा जिभेला वेखंड चोळणे, जिभेखालची दोरी कापणे, हे उपाय याच्यावर नव्हेत. 'नीट बोल' म्हणून दटावणे तर त्याहून वाईट. मुकादम खांद्याशी उभा राहून ओरडू लागला, तर शिकाऊ हात अधिकच कापतो!

अमेरिकेतील आयोवा राज्यात 1939 साली एका अनाथालयात असा प्रयोगच झाला. सरळ बोलणाऱ्या काही मुलांना 'तुम्ही तोतरे आहात' असे बजावीत गेले. ती मुले बोलायलाच बिचकू लागली. अनाथ मुलेच का निवडली, हे आम्ही सांगायला नको; त्यांच्या वतीने भांडणारे कोणी नव्हते. विद्यापीठाने माफी मागितली ती 2001 साली.

घरात एवढेच करावे : आपण स्वतः सावकाश बोलावे, मुलाचा शब्द आपण पुरा करू नये, रोज दहा मिनिटे फक्त त्याचे ऐकावे. त्या नातवाला आम्ही वाचा-उपचार तज्ज्ञांकडे पाठविले. मोठ्या सरकारी रुग्णालयांत असे विभाग असतात. म्हैसूरला तर यासाठी अखिल भारतीय संस्थाच आहे. शाळेत जाण्याआधी उपचार सुरू झाले, तर गुण येण्याची आशा अधिक.

जाताना एक ध्यानात ठेवावे. मूल नेमके तज्ज्ञांसमोर सुरळीत बोलते आणि आई खोटी पडते. म्हणून त्याचे घरातले बोलणे पाच मिनिटे मोबाइलवर घेऊन जावे. त्या आजोबांनी तेच केले.